तळाची ओळ

आमच्या घरी कागद खालून वर वाचायची पद्धत होती. लग्नपत्रिका असो, हरिनाम सप्ताहाचं पत्रक असो की साखर कारखान्याच्या सभेची नोटीस, प्रूफ हातात आलं की अण्णांची नजर आधी तळाशी जायची. तिथे केसमधल्या, म्हणजे खणांच्या पेटीतल्या, सगळ्यात बारीक खिळ्यांत (शिशाच्या अक्षरांत) आमच्या छापखान्याचं नाव आणि गावाचं नाव असायचं. वरच्या मजकुरात काना-मात्रा इकडचा तिकडे झाला तर गिऱ्हाईक बघून घेईल, तळाची ओळ मात्र आपली, असं ते म्हणत. १८६७ च्या कायद्याने आपल्याकडे छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण घालणं सक्तीचं होतं, आणि निवडणुकीच्या पत्रकांना तर त्याहून कडक नियम. छापणाऱ्याचं नाव हवं, छापून घेणाऱ्याचं हवं, त्याची सही केलेला जबाब हवा, आणि त्यातलं काही चुकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद.

१९८५ च्या विधानसभा निवडणुकीत एका रात्री एक ओळखीचे गृहस्थ आले. दोन हजार पत्रकं, पहाटेपर्यंत हवीत, आणि तळाला काही नको. मजकूर विरोधी उमेदवाराच्या घरगुती भानगडीचा होता. अण्णांनी आधी नाही म्हटलं, मग कागदवाल्याची थकलेली उधारी आठवली असावी. मी तेव्हा ट्रेडलवर, म्हणजे आमच्या छपाईयंत्रावर, कागद लावायचो. तळाची ओळ नसलेला आमच्या छापखान्याचा तो एकच कागद. तिसऱ्या दिवशी पोलीस आले. अण्णांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि चहा यायच्या आत त्या गृहस्थांचं नाव सांगून टाकलं. प्रकरण मिटलं. ते गृहस्थ पुन्हा आमच्या पायरीवर आले नाहीत, त्यांच्या गोतावळ्याच्या पत्रिकाही दुसरीकडे जाऊ लागल्या. अण्णा त्याबद्दल कधीही बोलले नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही.

हे सगळं मला आठवलं ते लंडनमध्ये. मुलीकडे गेलो होतो. स्मिथफील्डच्या मांसबाजाराजवळ, सेंट बार्थोलोम्यूच्या जुन्या चर्चला खेटून क्लॉथ फेअर नावाची एक गल्ली आहे. १६६६ च्या आगीत लंडन जळालं, ही गल्ली वाचली. त्या आगीआधीचं एक घर तिथे अजून उभं आहे. मी शोधत होतो ते घर मात्र आता सापडायचं नाही. ते जॉन ट्विन नावाच्या मुद्रकाचं घर.

ऑक्टोबर १६६३. पहाटेचे चार. दारावर थाप पडते. बाहेर रॉजर लेस्ट्रेंज आणि त्याची माणसं. लेस्ट्रेंज हा राजाने त्याच वर्षी नेमलेला छापखान्यांचा तपासनीस. आतून खडबडाट ऐकू येतोय, दार काही उघडत नाही. अर्धा तास ठोठावल्यावर ते आत शिरतात तेव्हा शाई न वाळलेले कागद इकडेतिकडे टाकलेले असतात, फर्मा, म्हणजे छपाईसाठी जुळवून बांधलेले खिळे, घाईघाईने सोडलेला असतो. पण सगळा सोडलेला नसतो. थोडे खिळे जुळवलेले तसेच उभे राहिलेले, आणि ते त्या ओल्या कागदाशी तंतोतंत जुळतात.

ट्विन छापत होता त्या पुस्तिकेत म्हटलं होतं की राजा अन्याय करत असेल तर प्रजेने त्याला जाब विचारावा, वेळ आली तर देहदंडही द्यावा. चौदा वर्षांपूर्वी एका राजाचं मुंडकं उडवलेल्या देशात हे वाक्य निव्वळ तात्त्विक नव्हतं. ट्विनने पुस्तिका लिहिली नव्हती. कुणी लिहिली हे त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी गरीब माणूस, बायको-पोरांच्या पोटासाठी काम घेतलं, एवढंच त्याचं म्हणणं. लेखकाचं नाव दिलंस तर दयेचा विचार होईल असं सुचवल्यावरही तो बधला नाही. फेब्रुवारी १६६४ मध्ये त्याला फाशी देऊन देहाचे चार तुकडे करण्यात आले, डोकं लडगेटच्या वेशीवर लावलं. नंतर या खटल्याचा वृत्तान्त छापून विकला गेला. त्याच्या तळाला नाव होतं, रीतसर.

अण्णांनी चहा यायच्या आत जे केलं ते ट्विनने वेशीवर डोकं जाईपर्यंत केलं नाही. दोघांची तुलना करणं बरं नव्हे हे मला कळतं. पण गल्लीत उभं राहिल्यावर मनात जे येतं ते येतंच.

त्या काळाचा कायदा १६६२ चा. लंडनमध्ये मुख्य मुद्रक वीसच असावेत, छापण्याआधी परवाना घ्यावा, कागदावर छापणाऱ्याचं नाव असावं आणि विचारलं तर लेखकाचंही सांगावं. आमच्या तळाच्या ओळीचं मूळ शोधत गेलं तर वाट इथवर येते. लेस्ट्रेंजला हा कायदाही मिळमिळीत वाटे. त्याने १६६३ मध्ये सरकारला एक सूचनापत्र छापून दिलं. मी ते वाचलं तेव्हा आधी हसलो, मग गप्प बसलो. राजद्रोही कागदाला जबाबदार कोण? तर लेखक, मुद्रक, प्रूफं तपासणारा, टाके घालणारा, बांधणी करणारा, खिळे ओतणारा, छपाईयंत्र दुरुस्त करणारा लोहार, त्याचं लाकूडकाम करणारा सुतार, फेरीवाले, पत्रकं विकणाऱ्या बाया, रस्त्यावर पोवाड्यासारखी गाणी म्हणणारे, टपालवाले, भाड्याच्या गाडीचे गाडीवान, नावाडी, खलाशी. कागदाला ज्याचं बोट लागलं तो प्रत्येकजण. आमच्या छापखान्यात या यादीतून सुटला असता तो फक्त चहावाला.

शिक्षांबद्दलही त्याच्याकडे कल्पना होत्या. हॅटच्या फितीऐवजी फासाचा दोर बांधून फिरायला लावावं. एका पायात निळा मोजा, दुसऱ्यात लाल. किंवा निळी टोपी, त्यावर लाल अक्षर, देशद्रोह्याला एक आणि चिथावणीखोराला दुसरं. आपल्याकडच्या गाढवावरून धिंडीचीच ही चुलत बहीण.

या माणसाचा मला राग यायला हवा, पण पुरता येत नाही. यादवी युद्धात तो राजाच्या बाजूचा. १६४४ मध्ये पार्लमेंटच्या लोकांनी त्याला मृत्युदंड ठोठावला होता, आणि न्यूगेटच्या तुरुंगात तो चार वर्षं पडून होता. छापील कागदाने देश कसा पेटतो हे त्याने पाहिलं होतं, आणि त्यातून त्याची खात्री झाली की सामान्य माणसाला राज्यकारभाराची माहिती मिळणं हाच रोग आहे. असं मानणारा माणूस स्वतः मात्र त्या काळातल्या सगळ्यात तडाखेबंद पत्रककारांपैकी एक. १६८१ ते १६८७ या काळात त्याने ‘ऑब्झर्व्हेटर’ नावाचं पत्र काढलं. दोन पात्रं, प्रश्न आणि उत्तर, रस्त्यावरची भाषा, अंक नऊशेच्या वर. पहिल्याच अंकात तो म्हणतो की लोकांना छापखान्याने वेडं केलं आणि आता छापखान्यानेच ताळ्यावर आणायला हवं. म्हणजे दार ठोठावणारा शेवटी स्वतःच आत येऊन खिळे जुळवायला बसला.

ही वेळ आली त्याला कारण टायटस ओट्स. १६७८ मध्ये या लबाड माणसाने शपथेवर सांगितलं की कॅथलिक लोक, विशेषतः जेझुइट पंथाचे पाद्री, राजा दुसऱ्या चार्ल्सला मारून देश पोपच्या हाती देणार आहेत. सगळं बनावट. पण ज्या न्यायाधीशासमोर त्याने जबानी दिली तो गॉडफ्री ऑक्टोबरमध्ये प्रिमरोझ हिलजवळ मेलेला सापडला आणि लंडनचा तोल गेला. पुढच्या मे महिन्यात पार्लमेंट तहकूब झालं, त्या गडबडीत १६६२ च्या कायद्याची मुदत संपली. परवाना नाही, तपासणी नाही. गळतीला लागलेला नळ तुटावा तसे कागद वाहू लागले. कॅथलिक धर्म स्वीकारलेल्या राजाच्या भावाला, जेम्सला, गादी मिळावी की नाही हा प्रश्न. जेम्स नको म्हणणारे व्हिग, हवा म्हणणारे टोरी. दोन्ही नावं मुळात शिव्या. एक स्कॉटलंडच्या बंडखोरांवरून, दुसरी आयर्लंडच्या दरोडेखोरांवरून. पत्रकांतून एकमेकांना इतक्या वेळा हासडल्या की शेवटी त्या पक्षांची नावं होऊन बसल्या.

ओट्सने ज्यांच्यावर बोट ठेवलं त्यांत राणीही होती. राजाला विष घालायचा कट केल्याचा आरोप. ही राणी म्हणजे ब्रागांझाची कॅथरीन, जिच्या लग्नात पोर्तुगीजांनी आंदण म्हणून आपली मुंबई देऊन टाकली ती. राजाचा त्यावर विश्वास बसला नाही म्हणून ती वाचली. जून १६७९ मध्ये पाच जेझुइट एका दिवशी फासावर गेले ते वाचले नाहीत. फाशीच्या चौथऱ्यावर आपण निर्दोष असल्याचं ते म्हणाले, ती भाषणं लगेच छापली गेली, आणि त्यांवर उत्तरादाखल पुस्तिकाही निघाल्या, की मरताना खोटं बोलायची यांच्या पंथात मुभाच असते. मला इथे फादर स्टीफन्सची आठवण आली. शंभर वर्षांपूर्वी, १५७९ मध्ये, हा इंग्लिश जेझुइट गोव्याला येऊन पोचला. त्याचं मराठी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं, देवनागरी खिळे नव्हते म्हणून रोमन लिपीत. तो मायदेशी राहिला असता तर मराठी ओव्या लिहायला कुणास ठाऊक किती दिवस जगला असता.

खिळ्यांचा विषय निघालाच आहे तर थोडं आडवाटेने जातो. सुरतेचे व्यापारी भीमजी पारेख यांनी ईस्ट इंडिया कंपनीकडे छापखाना मागितला होता. १६७४ मध्ये, म्हणजे रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच वर्षी, कंपनीने यंत्र, इंग्रजी खिळे, कागद आणि हेन्री हिल्स नावाचा मुद्रक मुंबईला पाठवला. भीमजींना जुने संस्कृत ग्रंथ छापायचे होते. पण हिल्स छपाई जाणणारा, आपल्या लिपीचे खिळे पाडणं त्याच्या हातचं नव्हतं. बेत तिथेच अडला. लंडनमध्ये ज्या यंत्रापायी माणसं मरत होती, त्यातलं एक मुंबईत अक्षरांवाचून ताटकळत होतं.

परत लंडनला. त्या पुरात कोण लिहितो आणि कोण भोगतो याचा हिशेब मी मांडत गेलो. १६७९ मध्ये ‘गावाकडून शहराला विनंती’ अशा अर्थाच्या नावाचं एक पत्रक निघालं. त्यात चित्र रंगवलं होतं की जेम्स गादीवर आला तर लंडन पुन्हा जळेल, बायकापोरांची विटंबना होईल. लिहिणारा चार्ल्स ब्लाउंट, घरंदाज माणूस, टोपणनावाआड सुरक्षित. सापडला तो छापून विकणारा, बेंजामिन हॅरिस. पाचशे पौंड दंड आणि पिलरी. पिलरी म्हणजे मान आणि मनगटं अडकवायची लाकडी चौकट. भरचौकात तीत उभं करायचं, आणि लोकांनी कुजकी अंडी, चिखल, दगड, जे हाताला लागेल ते मारायचं. काही जण त्यात डोळा गमावत, काही जीव. हॅरिसच्या दोस्तांनी मात्र त्याच्याभोवती कडं केलं, आरोळ्या ठोकल्या आणि एक खडाही पडू दिला नाही. पुढे तो अमेरिकेला, बॉस्टनला गेला. तिथे १६९० मध्ये वर्तमानपत्र काढलं, ते एकाच अंकानंतर बंद पाडलं गेलं. खोड जित्याची.

कवी आणि खासदार अँड्र्यू मार्व्हेल याने आधीच, १६७७ च्या अखेरीस, पोपशाही आणि मनमानी कारभार कसा वाढतोय यावर पुस्तिका लिहिली होती. तळाला ‘ॲम्स्टरडॅम’. छापली अर्थातच लंडनमध्ये. सरकारी गॅझेटात बक्षीस लागलं, मुद्रकाचं नाव कळवणाऱ्याला पन्नास पौंड, हस्तलिखित छापखान्यात पोचवणाऱ्याचं कळवणाऱ्याला शंभर. मार्व्हेलने पत्रात त्याची मजा केली आहे, की लोक म्हणे त्या मार्व्हेललाच लेखक समजतात, पण तसं असतं तर पार्लमेंटमध्ये त्याला विचारलं नसतं का! १६७८ च्या ऑगस्टमध्ये तो तापाने गेला. शोध घेणाऱ्यांच्या हाती मुद्रक आणि विक्रेतेच लागत राहिले.

आणि स्टीफन कॉलेज. पेशाने सुतार, तोंडाने फटकळ. सिनेमाची पेटी पाठीवर घेऊन जत्रेत फिरणारे लोक असत तसा राजा पार्लमेंट पाठीवर घेऊन ऑक्सफर्डला चालला आहे, असं चित्र आणि गाणं छापलं गेलं, ते त्याच्या नावावर टाकलं. लंडनच्या ज्युरीने खटला चालवायलाच नकार दिला. मग खटला ऑक्सफर्डला नेला, बचावाची टिपणं त्याच्या हातातून काढून घेतली, आणि ३१ ऑगस्ट १६८१ ला फाशी. लेस्ट्रेंजच्या यादीतला सुतार हा वेगळा सुतार होता, पण यादी खरी ठरली.

या सगळ्यात मला मनापासून आवडतात त्या दोन बायका. एकमेकींच्या अगदी उलट.

पहिली एलिझाबेथ सेलियर. सुईण, आणि कॅथलिक झालेली. न्यूगेटमधल्या कॅथलिक कैद्यांना मदत करता करता तीही एका कटाच्या आरोपात सापडली. पुरावा काय, तर तिच्या घरातल्या पिठाच्या पिंपात सापडलेले कागद. जून १६८० मध्ये ती निर्दोष सुटली. शहाणं माणूस गप्प बसलं असतं. हिने आपली हकीकत लिहून काढली, त्यात तुरुंगात कैद्यांना कसे हाल सोसावे लागतात ते लिहिलं, आणि तळाला छापलं की हे एलिझाबेथ सेलियरसाठी छापलं असून सेंट क्लेमंट चर्चजवळ अरुंडेल रस्त्यावर तिच्या राहत्या घरी विकत मिळेल. सगळे जिथे ॲम्स्टरडॅम लिहीत होते तिथे हिने घरचा पत्ता दिला! सप्टेंबरमध्ये पुन्हा खटला. हजार पौंड दंड, तीन वेळा पिलरी, आणि तिची पुस्तिका तिच्या डोळ्यांदेखत जाळायची. पिलरीत उभी राहिली तेव्हा दगड अडवायला तिने लाकडी ढाल सोबत नेली होती. बाईने बाळंतपणं केलेली, तयारी कशी ठेवायची हे तिला माहीत.

दुसरी एलिनॉर जेम्स. मुद्रकाची बायको, स्वतः खिळे जुळवता येणारी, पक्की अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या सरकारी चर्चची, आणि राजनिष्ठ. १६८१ पासून तिने एकपानी पत्रकं काढायचा जो सपाटा लावला तो पुढे तीसेक वर्षं. राजाला सल्ला, पार्लमेंटला सल्ला, लंडनच्या महापौराला सल्ला, मुद्रकांना सल्ला, पोरांनी मालकांशी कसं वागावं याचाही सल्ला. सगळीकडे ठळक ‘मिसेस जेम्स’. कित्येकदा नाव तळाला न ठेवता थेट मथळ्यात. ‘मिसेस जेम्स यांचं म्हणणं’. अशी एक काकू आपल्या प्रत्येक वाड्यात असते, फक्त तिच्याकडे छापखाना नसतो. लोक हसले, टर उडवणारी पत्रकं निघाली, ती लिहीत राहिली. १६८९ मध्ये, नवा राजा विल्यम याला गादीवर हक्क नाही असं छापून वाटल्याबद्दल, तीही न्यूगेटला जाऊन आली.

विल्यम गादीवर आला तोही कागदांवर स्वार होऊनच. १६८८ मध्ये, तोवर राजा झालेल्या जेम्सने सर्व पंथांना मोकळीक देणारा जाहीरनामा चर्चमध्ये वाचायचं फर्मान काढलं. सात बिशपांनी विनंतीअर्ज दिला, तर तो त्याच रात्री छापून लंडनच्या रस्त्यावर आला. जेम्सला हटवायला विल्यम हॉलंडहून आला ते हजारो जाहीरनामे आणि चक्क एक छापखाना जहाजावर घालून. मग त्याच्या नावाने आणखी एक जाहीरनामा निघाला, कॅथलिकांवर तुटून पडा अशा थाटाचा, तळाला विल्यमचं नाव आणि तेही खोटं. आपलं नाव न घालणारे पाहिले होते, राजपुत्राचं नाव घालणारा हा नवा. ह्यू स्पीक नावाच्या माणसाने पुढे बढाई मारली की तो मीच लिहिला. फासावर गेला नाहीच, उलट बक्षिसं मागत फिरला.

आणि १६९३. स्वातंत्र्य घेऊन आलेल्या त्याच विल्यमच्या राज्यात विल्यम अँडरटन नावाच्या मुद्रकाचं घर झडतीला आलं. पलंगामागे चोरदार, दारामागे छपाईयंत्र. हा जेम्सच्या बाजूची पत्रकं छापायचा. लेखकांची नावं त्यानेही दिली नाहीत. त्यालाही फाशी. ट्विन राजाविरुद्ध छापून गेला, अँडरटन पदच्युत राजासाठी छापून. मधली तीस वर्षं, दोन सत्तांतरं.

दोन वर्षांनी, १६९५ मध्ये, मधल्या काळात पुन्हा लागू झालेला परवान्याचा कायदा कायमचा संपला. त्यामागे काही थोर तत्त्व वगैरे असेल म्हणून मी कॉमन्सची, म्हणजे पार्लमेंटच्या खालच्या सभागृहाची, कारणं शोधून वाचली. बहुतेक कारणं दुकानदारी थाटाची. पुस्तकविक्रेत्यांच्या मंडळाची मक्तेदारी होते, परदेशी पुस्तकं जकातीत अडकून सडतात, झडतीची पद्धत त्रासाची. अण्णांना ही कारणं पटली असती.

रात्री मुलीच्या घरून त्यांना फोन लावला. शहाऐंशी वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं. छापखाना विकून वीस वर्षं झाली, ट्रेडल भंगारात गेलं. मी ट्विनची गोष्ट सांगितली, पहाटेची थाप, ओले कागद. नाव सांगितलं नाही हा भाग सांगताना माझा आवाज जरा खाली गेला. त्यांना ऐकू आलं की नाही कोण जाणे. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

मग म्हणाले, “किती वेळ मिळाला त्याला?”

“अर्धा तास, अण्णा.”

“आणि फर्मा पुरता सुटला नाही?”

“नाही. थोडा उभाच राहिला होता. त्यावरूनच पकडला.”

“अर्ध्या तासात सुटतो,” अण्णा म्हणाले. “हात कापत असले तर नाही सुटत.”

आणि त्यांनी फोन आईकडे दिला.